मेष्ट्रुंचा निगेटिव्ह कान

मेष्ट्रुंनी हात मिळवला की समजावं, आपलं कोपर गेलं. उजवा पंजा तुमच्या पंजात, आणि डाव्या हाताची दोन बोटं तुमच्या मनगटावरून वर सरकत कोपराच्या मागच्या खोबणीत. तिथं ती नस असते बघा, जिच्यावर टेबलाचा कोपरा बसला की करंगळीपर्यंत वीज जाते. ती नस ते सुतळीसारखी बोटाखाली घोळवायचे आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहायचे. मग हुकूम सुटायचा, "डोळे मीट." तुम्ही मिटलेत की कुठंतरी कापसाचं टोक टेकायचं. "सांग, कुठं शिवलं?"

सांगितलंत तर सुटलात.

हे सगळं दवाखान्यात चाललं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण बसमध्ये कंडक्टरनं तिकीट पुढं केलं की मेष्ट्रु तिकिटाआधी त्याचं मनगट धरायचे. अर्ध्या बेंगळुरूच्या कोपरांना त्यांची बोटं लागली असतील. उरलेलं अर्धं शहर ट्रॅफिकमध्ये अडकलं होतं म्हणून वाचलं. एका मंत्र्याच्या सत्काराला गेले तेव्हा हार घालता घालता त्याचं कोपर तपासून आले आणि "नस ठीक हाय, बाकीचं मला बघता येत नाही" असं आठवडाभर सांगत हिंडले.

आमचा दवाखाना चामराजपेटेत. एका अंगाला अगरबत्तीवाला, दुसऱ्या अंगाला पत्र्याचे डबे ठोकणारा, त्यामुळं सगळे रुग्ण सुगंधात बहिरे व्हायचे. खाली कातडीच्या डॉक्टरबाई, वर आमची लॅब. मेष्ट्रु म्हणजे कानडीत मास्तर. शाळेत ते कधी शिकवायला गेले नाहीत, पण कातडी चिरून कुष्ठरोगाचा जंतू शोधणारे जेवढे तंत्रज्ञ मला ठाऊक आहेत ते सगळे त्यांच्या शिव्या खाऊन तयार झालेले. ते चिकोडीकडचे, मी निपाणीचा, म्हणून मला शिव्या दोन भाषांत मिळायच्या. डॉक्टरबाईसुद्धा कॉलेजातून नव्या आल्या तेव्हा तपासणीचा क्रम त्यांच्याकडूनच शिकल्या: आधी कपाळ, मग गाल, मग उजवं मनगट, डावं मनगट, गुडघ्याखाली, पाऊल. हा क्रम मोडला तर मेष्ट्रु डॉक्टरबाईंनाही सोडत नसत.

आणि चिमटी! कानाची पाळी अंगठा आणि बोट यांच्यात अशी आवळायची की ती पांढरीफटक पडली पाहिजे. मग पात्यानं बारीकशी चीर द्यायची, पातं आडवं फिरवून आतून खरवडायचं, आणि जो पाणीदार रस येईल तो काचेच्या पट्टीवर पसरायचा. रक्ताचा थेंब आला तर काम वाया. "रक्त आलं तर तू खाटीक," ते मला म्हणायचे, "आणि खाटकाचं दुकान दोन गल्ल्या सोडून हाय, जा तिकडं." त्यांच्या चिमटीत माणसाचा कान असा काही बसायचा की माणूस श्वास घ्यायला विसरायचा. तीस वर्षं त्या उजव्या हातानं त्यांचं घर चालवलं, आणि त्या हाताचाच त्यांना माज होता.

जिभेचाही होता. एका लग्नात नवरदेव घामानं डबडबलेला. मेष्ट्रु अक्षता मुठीत घेऊन मांडवात उभे. त्यांना दिसलं काय, तर सगळ्या ओल्या तोंडावर गालाचा एक गोल तुकडा ठणठणीत कोरडा. मुठीतल्या अक्षता खिशात टाकून हे थेट बोहल्यावर चढले आणि नवरदेवाला म्हणाले, "डोळे मीट." नवरदेवाला वाटलं काही विधी असेल. त्यानं मिटले. पुढचं सांगत नाही. लग्न मोडलं. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी त्याचा गाल साफ झाला, तोवर नवरी दुसऱ्याच्या घरी नांदायला गेली होती. मी म्हटलं, "मेष्ट्रु, चार दिवस थांबायचं होतं की." तर म्हणतात, "मी निदान केलं. लग्न लावायला भटजी होता."

दुसरा किस्सा व्हाइटफील्डचा, म्हणजे त्या कॉम्प्युटर कंपन्यांच्या वस्तीतला. पुण्याचा एक मुलगा आला, गळ्यात ऑफिसचं कार्ड, दंडावर फिकट चट्टा. "सर, ॲक्च्युअली हे फंगल आहे. तीन डॉक्टर झाले, क्रीम चालू आहे. मला फक्त एक सेकंड ओपिनियन…"

"डोळे मीट."

मिटले.

"कुठं टोचलं?"

"अजून टोचलं नाहीये सर."

मेष्ट्रुंनी सुई चट्ट्यात तशीच उभी ठेवली, हात मागं घेतला आणि म्हणाले, "आता उघड."

स्वतःच्या दंडात उभी असलेली सुई बघून तो मुलगा आधी हसला. मग ते हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे वाहायला लागले. "सर, प्लीज फ्लॅटमधल्या कुणाला कळायला नको," एवढंच दहा वेळा. मेष्ट्रु जिन्यातून ओरडले, "बाई, महारोग पाठवतोय खाली!" डॉक्टरबाई तणतणत वर आल्या. "मेष्ट्रु, कुष्ठरोग म्हणा. आणि हळू म्हणा." यांचं उत्तर, "हळू म्हटलं असतं तर हा चौथ्याकडं गेला असता क्रीम आणायला."

मी काय केलं? मी हसलो. खोटं कशाला सांगू? सुई उभी राहिली तेव्हा मी तोंडावर रुमाल धरून हसत होतो.

आता आमच्या लॅबची एक रीत सांगतो, कारण सगळं तिथंच बिघडलं. काचेवर पसरलेला रस आम्ही आधी लाल रंगात तापवतो, मग आम्लानं धुतो, मग निळा रंग देतो. बाकी सगळं निळं होतं. कुष्ठरोगाचा जंतू तेवढा लाल सोडत नाही, निळ्या रानात लाल काड्या दिसतात. पण रंगच नासका असेल तर? म्हणून रंगाची नवी बाटली बनवली की आधी दोन काचा रंगवून बघायच्या. एक अशी, जिच्यात जंतू आहेत हे पक्कं ठाऊक आहे, आणि एक अशी, जिच्यात ते नाहीत हे पक्कं ठाऊक आहे. पहिलीत लाल दिसलं पाहिजे, दुसरीत दिसता कामा नये. दुसरीत लाल दिसलं तर रंग खोटा, बाटली मोरीत.

ही दुसरी काच म्हणजे मेष्ट्रुंचा स्वतःचा कान. आरशासमोर उभे राहून स्वतःची पाळी स्वतः चिमटीत धरायचे, चीर द्यायचे, एकदाच "स्स्" करायचे आणि काच माझ्या हातात द्यायचे. "घे. या दवाखान्यात या कानाएवढं निगेटिव्ह काही नाही." वर्षानुवर्षं असंच. पाळीवर इतके बारीक वण होते की लांबून वाटावं, बायकांसारखा कान टोचून घेतलाय.

गेल्या काही वर्षांत मेष्ट्रुंच्या चेहऱ्यावर तेज यायला लागलं. साठीला टेकलेला माणूस, आणि सुरकुत्या एकेक करून गायब! गाल तुकतुकीत, कपाळ असं चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. अगरबत्तीवाला विचारायचा, "मेष्ट्रे, काय खाता?" हे सांगायचे, "रागीची अंबील, आणि कुणाची भीती नाही." रागी म्हणजे आपली नाचणी. भुवया तेवढ्या बाहेरच्या टोकाला विरळ झाल्या. ते म्हणाले, वय. स्वतःच्या कानाला चीर देताना "स्स्" करायचे ते बंद झालं. मला वाटलं, काय माणूस आहे, आता दुखणंसुद्धा याला घाबरतं.

तुम्ही म्हणाल, ज्यानं शहराचे कोपरे कोपरे आणि कोपरं कोपरं चाचपली त्याला स्वतःचं कळलं नाही? पण ते सगळ्यांच्या अंगावर चट्टा शोधायचे. आणि हा रोग एका प्रकारात चट्टा देतच नाही. सगळी कातडी एकसारखी फुगते, सुरकुत्या भरून येतात, माणूस तरुण दिसायला लागतो. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. आरशात त्यांना रोग दिसला नाही, रागीची अंबील दिसली.

उगादीनंतरच्या, म्हणजे आपल्या पाडव्यानंतरच्या, बाटलीला मेष्ट्रुंच्या कानात लाल काड्या दिसल्या.

मी तीनदा भिंग पुसलं. मग त्यांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ लावला, आणि उठून माझ्या मुस्काटात द्यावी तसं म्हणाले, "रंग नासवलास." दुसरी बाटली केली. पुन्हा लाल. "नळाचं पाणी वापरलंस." तिसरी बाटली उकळलेल्या पाण्याची, गाळून, नव्या कोऱ्या काचेवर. पुन्हा लाल, आणि आधीपेक्षा दाट. तेव्हा मेष्ट्रु मला दंडाला धरून खाली घेऊन गेले. बाकावर पंधरा-वीस रुग्ण बसलेले. सगळ्यांसमोर त्यांनी ती लाल बाटली माझ्या पांढऱ्या शर्टावर उपडी केली. "नोडी, बघा! माझ्या नावाच्या काचेवर दुसऱ्याचा रस लावून आणायलाय. मला महारोगी करायलाय!" लोक हसले. त्यांच्यात ज्यांना खरंच कुष्ठरोग होता तेही हसले, ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा कान चिरला, त्याच बाटलीच्या तळाशी उरलेल्या रंगात रंगवला. निळंच निळं, एकही काडी नाही. "बघ, सुधारला रंग," ते म्हणाले. "माझा कान म्हातारा झालाय, रंग धरून ठेवतो. आता इथून पुढं तुझा कान." आणि रजिस्टरात स्वतःच्या नावापुढं तिन्ही वेळचं "निगेटिव्ह" लिहून टाकलं.

एकाच बाटलीत माझा कान निळा आणि त्यांचा लाल. याचा अर्थ कुठल्या शिकाऊ पोरालाही कळला असता. मला तर शर्टावर तो लाल डाग दिसत होता तेव्हाच कळला होता. तिन्ही काचा मी कागदात गुंडाळून माझ्या खणात ठेवल्या आणि गप्प बसलो.

का गप्प बसलो? तुम्ही चांगले लोक आहात, म्हणाल, भीतीनं. भीती होती, स्वल्प. बाकीची मजा होती.

एकदा दुपारी ते कानडी पेपर वाचत बसले होते. उजवा हात टेबलावर. मी कापसाचं टोक त्यांच्या हाताच्या पाठीवर फिरवलं. मान वर नाही. पेनाचं टोक लावलं. काही नाही. मग सुई घेतली आणि कातडीत अलगद उभी केली, व्हाइटफील्डच्या त्या मुलाची केली होती तशी. मेष्ट्रुंनी त्याच हातानं पान उलटलं. सुई पानाबरोबर या बाजूची त्या बाजूला गेली, उभीच. वर मला म्हणतात, "काय बघायलास? काम नाही?"

"नाही मेष्ट्रु, माशी होती," म्हणत मी सुई काढून घेतली आणि जिन्यात जाऊन पोट धरून हसलो.

हा रोग वेळेत सापडला तर नुसत्या गोळ्यांचं काम आहे, बारा महिन्यांत मोकळं. उशीर झाला तर नस मरते, आणि मेलेली नस कुठल्या गोळीनं उठत नाही. हे मला पाठ होतं. हसताना मी दिवससुद्धा मोजत होतो.

गणपतीच्या सुमारास वास आला. काच स्पिरिटच्या दिव्यावर धरून रस सुकवतात, दोन सेकंदांचं काम. मेष्ट्रु माझ्या कुठल्यातरी चुकीवर बोलत होते, बोलता बोलता काचेबरोबर बोट ज्योतीत राहिलं. मी वास घेतला, त्यांनी घेतला नाही. डॉक्टरबाई नेमक्या रिपोर्ट न्यायला वर आलेल्या. त्यांनी झडप घालून दिवा विझवला, हात धरला, फोड बघितला, आणि त्यांची बोटं आपोआप कोपरामागं गेली.

"मेष्ट्रु, नस जाड आहे."

"तीस वर्षं मायक्रोस्कोपसमोर कोपर टेकून बसतोय बाई. तुमची पण होईल."

"बसा. डोळे मिटा."

मेष्ट्रु बसले, डोळे मिटले. बाईंनी कपाळाला कापूस लावला. "कपाळ," मेष्ट्रु म्हणाले. "गाल." "उजवं मनगट." एकेक जागा न चुकता, बोट ठेवून. बाईंचा चेहरा सैल व्हायला लागला. मी मागं उभा होतो, मला सगळं दिसत होतं. क्रम त्यांचाच, त्यांनीच बाईंना शिकवलेला. बाईंच्या बांगड्या वाजल्या की ते पुढची जागा सांगायचे, बस्स. मध्येच खालून कुणी हाक मारली म्हणून बाईंनी मान वळवली, पदर सारखा केला, बांगड्या किणकिणल्या. कापूस हवेतच होता. मेष्ट्रु म्हणाले, "डावं मनगट."

बाईंचं लक्ष दाराकडं होतं. त्यांनी ते ऐकलं नाही. मी ऐकलं.

"सगळं बरोबर," बाई म्हणाल्या, तरी पुरतं समाधान नव्हतं. "कानाची काच कधी बघितली होती?"

"उगादीपर्यंत दर बाटलीला बघत होतो. रजिस्टर काढ रे."

मी रजिस्टर काढलं. बाईंनी पानं उलटली आणि माझ्याकडं बघितलं. "निगेटिव्हच होतं ना? तू वाचलंस?"

मेष्ट्रुंनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत दमदाटी नव्हती. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं तो माझ्याकडं मागत होता. आता मला सांगा, दयेनं म्हणालो की सुडानं? मी स्वतःला वर्षभर दोन्ही सांगून बघितलंय.

"हो म्याडम," मी म्हणालो.

दसऱ्यानंतर ताप चढला. अंगभर लाल गाठी उठल्या, कोपर असं ठणकायला लागलं की त्यांना शर्टाची बाही सोसवेना. चार दिवसांत उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलं, ते वळलंच. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, ऑटोत घालून त्यांना दवाखान्यात घेऊन आल्या. बाईंनी पाठीवरून मिरीएवढा कातडीचा तुकडा काढून बायॉप्सीला पाठवला. रिपोर्टाची वाट कुणीच बघत नव्हतं. तो आला तेव्हा त्यात लिहिलं होतं, पेशी फेसाळलेल्या, आणि पेशीपेशीत जंतूंचे गठ्ठे, काडेपेटीत भरावेत तसे.

कान चिरायला त्यांनी मलाच बोलावलं. रुग्णांच्या स्टुलावर बसले.

"घट्ट धर. पांढरी पडू दे. हां. आता चीर."

चिरलं. रक्त आलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा शिवी दिली नाही.

काच रंगवून भिंगाखाली घातली. "किती हायत?" त्यांनी विचारलं.

"मोजता येत नाहीत, मेष्ट्रु."

"आणि उगादीला किती होते?"

मी खण उघडला. कागदाची पुडी त्यांच्यासमोर ठेवली. मायक्रोस्कोपचा स्क्रू उजव्या हातानं फिरेना, डाव्यानं फिरवला. पहिली काच बघितली, दुसरी बघितली, तिसरीला फार वेळ लावला. मी शिव्यांची तयारी ठेवली होती, मुस्काटात खायचीही ठेवली होती.

"रंग चांगला होता रे," ते म्हणाले. "तेव्हाबी चांगलाच होता."

हे एक वाक्य ऐकायला मी सहा महिने थांबलो होतो. ऐकलं, आणि तिन्ही काचा परत कागदात गुंडाळत बसलो. मी वाढवून सांगतो हे तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल. हे वाढवून सांगितलेलं नाही.

बारा महिने गोळ्या चालल्या. गोळ्यांनी चेहऱ्यावरचं ते तेज गेलं, कातडी काळवंडली, सुरकुत्या होत्या तिथं परत आल्या. दवाखान्यात ते कामाला आले नाहीत. लॅब आता मी बघतो. महिन्याची पाकिटं न्यायला अक्का यायच्या. माझ्याकडून पाणी घ्यायच्या, बसायच्या नाहीत.

गोळ्या संपल्या त्या दिवशी मात्र ते स्वतः आले. तेच शेवटचं येणं. बाईंनी सगळं तपासलं, रोग गेला म्हणून सांगितलं. मग एका औषधवाल्याचं व्हिजिटिंग कार्ड घेऊन त्यांच्या करंगळी आणि शेजारच्या बोटात अडकवलं, "घट्ट धरा" म्हणाल्या आणि ओढलं. कार्ड अलगद निघून आलं, म्हणजे बोटांत जोर उरला नव्हता. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, पुढच्या रुग्णाला हाक मारली.

मी खाली आलो तेव्हा मेष्ट्रु बाकावर बसले होते. तेच कार्ड डाव्या हातानं उजव्या बोटांच्या फटीत घालून बसवत होते. अक्का ऑटो थांबवायला रस्त्यावर गेल्या होत्या. बाजूला डबेवाला ठोकत होता, म्हणून त्यांना ओरडून बोलावं लागलं.

"ओढ रे."

मी ओढलं. आलं.

त्यांनी ते परत घातलं, दात आवळले, कपाळावर शीर उठली. "आता ओढ."

कार्ड माझ्या हातात आलं. ते त्याच्याकडं बघत राहिले.

"तू लई जोरात ओढायलास," ते म्हणाले.

"हो मेष्ट्रु. जरा जोरातच ओढलं."

त्यांनी मान डोलावली. ऑटो आली, अक्कांनी त्यांना दंडाला धरून आत बसवलं, आणि ऑटो गर्दीत शिरली.

मी कार्डाला नुसतं बोट लावलं होतं.